शिंपाईचा डावा कौल

खोकला यायच्या आधी माझा दादा थांबतो. हातातलं काम खाली ठेवतो, मांडवाच्या मेढीला पाठ टेकवतो आणि मग खोकतो. मी आत भाकऱ्या थापत असले तरी मला कळतं, कारण घासायचा आवाज बंद पडतो. आवाज बंद पडला की मी तवा उतरवते आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जाते.

“मेला तो दगड,” मी म्हणते.

“मेलाच हाय तो,” दादा दम खात म्हणतो. “हजारो वर्सं झाली.”

असा आमचा गुणाजी. छातीचा भाता झालाय, पण जिभेला धार अजून आहे.

आमचं गाव खारशेत, राजपुरीच्या खाडीच्या कडेला, दिघीच्या अंगाला. आमच्या खळ्यात उभं राहिलं की आगरदांड्याला जाणारी फेरीबोट दिसते. आम्ही कुणबी. भात पिकवायचं, आणि भात कापून झालं की आमच्या एका घराने दगड घासायचा. दगड म्हणजे शिंपदगड. कधीच्या काळी वाळू, चुना आणि शिंपल्या एकत्र थिजून झालेला. जुन्या लोकांनी तो विहिरींना नि जोत्यांना वापरला, कारण किनाऱ्यावर हाताशी तोच होता. पण त्यातला एखादाच चिरा असा निघतो की आतल्या शिंपल्यांचा रंग मेलेला नसतो. घासला की गुलाबी, हिरवा, निळसर असा लखलखतो. आता किनाऱ्यावरून काढायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. कुणी जुनं घर पाडलं, विहीर बुजवली, की दादा जाऊन चिरे वाजवून बघतो आणि त्यातला एखादा उचलून आणतो. त्याच्या समया, तबकं, दारावरच्या पाट्या बनतात. अलिबागच्या बंगल्यांतले लोक गाड्या घेऊन येतात, हात फिरवतात, “वॉव” म्हणतात. त्या “वॉव”मध्ये माझ्या भावाची फुप्फुसं आहेत हे त्यांना कुठून कळणार!

कारण हा दगड ओला घासता येत नाही. घासताना पाणी लागलं की शिंपल्यांच्या कडा सुटतात, रंगाचे पापुद्रे निघतात. कोरडाच घासायचा. दादा तोंडाला पंचा बांधतो. मी मास्क आणून दिले, तर म्हणाला, त्यात श्वास अडकतो. आता पंच्यातही अडकतो.

तीन वर्षांपूर्वी म्हसळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि स्पष्ट सांगितलं, धूळ सोडा, नाहीतर छाती सोडेल. दादाचा मुलगा प्रज्योत न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर आहे, उलव्यात त्याचं घर आहे. वहिनी गेली तेव्हा तो शाळेत होता, मीच वाढवला त्याला. तो गाडी घेऊन आला. “बाबा, आत्या, दोघंही चला. रुचिकाने खोली आवरून ठेवलीय.” रुचिका म्हणजे त्याची बायको, पोरगी गुणाची आहे. दादाने ऐकून घेतलं, नातवाचा फोटो पाहिला, आणि म्हणाला, “जत्रा होऊ दे. आईचा कौल घेतो, मग येतो.”

इथे माझं डोकं फिरतं. पण तुम्हाला आधी कौल सांगायला हवा.

शिंपाई आमची ग्रामदेवी. तिला नाक-डोळे नाहीत, ती एक उभी शिळा आहे, किंचित मागे कललेली. चैत्राच्या जत्रेला मोरू गुरव तिच्यावर पाणी घालतो आणि ओल्या अंगावर मोगऱ्याच्या दोन कळ्या टेकवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो. हो असेल तर उजवी दे, नाही असेल तर डावी दे. जी कळी आधी पडेल तो आईचा शब्द. एका घराला एका जत्रेत एकच कौल. पुन्हा विचारायचं तर वर्षभर थांबायचं.

आणि आमचं घर मानकरी. जत्रेआधी आईची शिळा आमच्याच घरच्या हाताने धुवायची, तेल लावायचं. गुरव सोडला तर दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. मानकऱ्याने गाव सोडायचं तर आईचा उजवा कौल हवा, मग मान चुलत घराकडे जातो. कौलाशिवाय उठून गेलेला एक पूर्वज म्हणे वेडा झाला. खरंखोटं आईला ठाऊक, पण ते ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

पहिल्या वर्षी दादाने विचारलं, जाऊ का? डावी पडली. प्रज्योत तोंड पाडून एकटाच परत गेला. दुसऱ्या वर्षी विचारलं. पुन्हा डावी. वर्षभरात दादा आणखी वाळला होता, देवळाच्या पायऱ्या चढताना दोनदा बसला होता, आणि ही बया म्हणते, नाही!

आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. शिंपाई कडकच. बाजूच्या गावांत म्हण आहे, “खारशेतची आई, सदा नाही.” जमिनी विकायला दलाल आले तेव्हा घराघराने कौल लावले, घराघराला डावा आला. बाजूच्या गावांनी जमिनी विकल्या, पैसे उडवले, आता तिथली माणसं स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बंगल्यांची राखण करतात. आमची भातं अजून आमची आहेत. म्हणून गाव छाती काढून सांगतो, आईने राखलं.

दुसऱ्या डाव्या कौलानंतर घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. देवीला नाही नाही ते बोलले. अंगणवाडीत पोरांना गोड बोलायचा पगार घेते मी, घरी आल्यावर तोंड मोकळं करते. “दगडच शेवटी ती! दगडाला काय कळतंय माणसाचं!”

दादा मांडवातून म्हणाला, “गोदे, तिला शिव्या देऊ नको. हात माझा हाय त्यात.”

मला वाटलं, बडबडतोय. बाहेर गेले. त्याने कोपऱ्यातला एक तुकडा पुढे ओढला होता, धुळीने माखलेला. फुंकून साफ केला, पुन्हा खोकला, मग बोलायला लागला.

जुनी शिळा तडकली तेव्हा दादा तरणा होता. नवी घडवायचं काम गावाने त्याला दिलं. आमच्याच जुन्या विहिरीतला एक चिरा निघाला, रंगाने असा भरलेला की दादाने तसा ना आधी पाहिला होता ना नंतर. डावी बाजू त्याने आरशासारखी घासली. उजवीकडे मात्र शिंपल्यांचा एक घोसच होता, अख्ख्या शिंपल्या, एकमेकींना बिलगलेल्या, मध्ये एक पिळाचा शंख. सपाट करायचं तर सगळ्या कापल्या जाणार. त्याचा हात धजेना. त्याने ती बाजू तशीच खडबडीत ठेवली. शिळा बसवली तेव्हा लोकांनी उजव्या बाजूला हात जोडले, म्हणाले, गुणाजी, समुद्रच आणलास रे देवळात. दादा सांगत होता तेव्हासुद्धा त्याचा चेहरा फुलला होता, इतकं ते काम त्याला आवडलेलं.

“हा त्याच चिऱ्याचा उरलेला तुकडा,” तो म्हणाला. “हा भाग गुळगुळीत, हा खरबरीत. बघ.”

त्याने तुकडा भिंतीला कलता उभा केला, वर पाणी ओतलं. परसातल्या मोगऱ्याच्या दोन कळ्या ओंजळीत होत्याच. एक इकडे टेकवली, एक तिकडे. गुळगुळीत भागावरची कळी पाण्याबरोबर सरळ खाली आली. खरबरीतली शिंपल्यांच्या फटीत बसून राहिली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“कधी हे कळलं तुला?”

“तुझ्या वहिनीच्या आजारपणात. मुंबईला न्यायची का म्हणून कौल लावला तेव्हा. डावी पडली नि मला एकदम ते दिसलं.”

वहिनीला मुंबईला नेली नव्हती. मी खाली बसले.

“आणि बोलला नाहीस?”

“कुणाला बोलू? किती वर्सांचे कौल गो! कुणाची सोयरीक मोडली, कुणी भावाच्या घरी जायचं सोडलं, कुणाचा पोरगा परदेशी जायचा राहिला. सगळ्यांच्या घरात जाऊन सांगू का, आई न्हाय बोलली, माझा पटाशीचा हात बोलला?”

माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच काही आलं होतं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझा पण, गोदे.”

दयाराम आगरदांड्याचा. लाँचवर खलाशी होता. दोर फेकताना हसायचा, आणि दोर बरोबर खुंटीला बसायचा. त्याच्या घरून मागणी आली, आमच्या घरी सगळ्यांना पसंत होतं, मला तर विचारायलाच नको. बाबांनी रीतीप्रमाणे कौल लावला. डावी पडली. आणि जिच्यावर शिंपाईने डावी टाकली त्या पोरीला दुसरं स्थळ कुठून यायला? बाबा गेले, मी राहिले. दयाराम रीतीने लग्न करून सुखात आहे, माझं काही म्हणणं नाही. मी इतकी वर्षं मनाला समजावत आले होते की आईच्या मनात नव्हतं. त्याच एका वाक्यावर मी निजत होते, उठत होते.

मी उठले आणि घरात गेले. पाच-सहा दिवस दादाशी बोलले नाही. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, तोंड फिरवायचे. तो बिचारा जेवून ताट स्वतः धुवायचा. राग राग आला होता. त्या घोसाचा, त्याच्या हाताचा, “समुद्रच आणलास रे” म्हणणाऱ्यांचा. पण बाहेर घासायचा आवाज थांबायचा आणि माझे पाय आपोआप तांब्याकडे जायचे. आपलेच दात नि आपलेच ओठ, करणार काय!

शेवटी मीच तोंड उघडलं. “जत्रेआधी शिळा तूच धुतोस ना? उजवी बाजू जरा घासून टाक. मग पडेल उजवी. कोण बघतंय?”

दादा माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली.

“तेव्हा झालं ते अजाणता,” तो म्हणाला. “आता घासलं तर लबाडी. मग मला पायजे तिकडे कळी पाडीन की मी! मग देवी कोण, ती का मी?”

“मग तसाच निघून चल. तुला तर ठाऊक आहे कौल खोटा आहे.”

“ठाऊक कुठे हाय? दगड मी घासला, आई मी न्हाय केली. तिच्या मनात असतं तर तिने फटीतून पण कळी सोडली असती.”

घ्या! याला काय म्हणायचं? आपणच बांधलेल्या कोंडीत माणूस बसलाय, दार कुठे आहे ते बोटाने दाखवतोय, आणि वर म्हणतोय, मी उघडणार नाही. मी डोक्यावर हात मारला.

तेव्हाच मी ठरवलं. तो नाही बोलणार, मी बोलेन. गावाला कळलं तर गाव म्हणेल, कौल चुकीचे झाले, गुणाजी मोकळा, जा बाबा पोराकडे. मला शिव्या पडतील त्या पडोत. पावसाळाभर त्याचा श्वास ऐकत मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. दिवाळीनंतर त्याला बोलता बोलता मध्येच थांबावं लागायला लागलं. प्रज्योतचा फोन आला की मला द्यायचा, म्हणायचा, “तूच सांग, मी बरा हाय.”

या चैत्रातली जत्रा. प्रज्योत पुन्हा गाडी घेऊन आला होता, या वेळी डिकी रिकामी ठेवून. पालखी नाचून बसली, देऊळ माणसांनी भरलं, कौलाची वेळ झाली. मोरू गुरवाने हाक मारली, “गुणाजी, तुझं गाऱ्हाणं तेच ना?” दादाने मान हलवली. मोरूने शिळेवर पाणी घातलं, कळ्या हातात घेतल्या.

“थांबा मोरूकाका,” मी म्हणाले.

देवळात बाई मध्येच बोलली म्हणून सगळ्या माना वळल्या. दादाने हळूच म्हटलं, “गोदे, नको.” पण मी थांबले असते तर जन्मात बोलले नसते. सगळं सांगितलं. शिळा कशी घडली, उजवी बाजू खरबरीत का, डावी कळी का सटकते. “तुमचा एकही कौल सरळ नाही,” मी म्हणाले. “माझाही नाही. यात माझ्या भावाचा कपटभाव नव्हता. पण आता तो श्वासाला महाग झालाय, त्याला या दगडापायी अडकवून ठेवू नका.”

मग जो गलका उठला, विचारू नका. “बाईचं डोकं फिरलं!” “मग आमची जमीन राखली कोणी?” सखुबाई म्हातारी, जिने मुलीला डाव्या कौलावरून सासरहून परत आणली होती, ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “माझी पोर मी दगडासाठी घरी बसवली असं म्हणतेस? असं म्हणतेस तू?” तिच्या पाठीशी तिची पोर उभी होती, केस पिकलेली.

मोरू गुरव शांत माणूस. त्याने हात वर केला. “भांडता कशाला? हे आईचं देऊळ हाय. आईलाच विचारू.”

सगळ्यांना पटलं. माझ्याही डोक्यात त्या गडबडीत काही आलं नाही. मोरूने ताज्या कळ्या घेतल्या, एक डाव्या बाजूला टेकवली, एक उजव्या, आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, “आई शिंपाई, गुणाजीच्या हातून तुझ्या शिळेत खोट राहिली असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे.”

मी हात जोडले. उजवी पड, उजवी पड, असं तोंडाने पुटपुटत होते. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी दुसराच आवाज होता. तो म्हणत होता, डावी दे ग बाई. मला वर्षं परत मिळणार नाहीत, निदान ती तुझ्या शब्दाने गेली एवढं तरी राहू दे.

डावी पडली.

ढोल वाजले. लोकांनी गुलाल उधळला. बायका डोळे पुसत होत्या, सखुबाईने मुलीला कवटाळलं. जो तो दादाकडे धावला. “गुणाजी, तुझ्यावर डाग न्हाय! आईने स्वतः सांगितलं!” कुणी त्याच्या गळ्यात हार घातला, कुणी त्याच्या पाया पडलं. दादा मध्ये उभा, खोकला दाबून धरलेला, डोळ्यांत पाणी. आनंदाचं की धापेचं, ते मला कळलं नाही. आणि माझ्या छातीवरची धोंड उतरली होती. हो, उतरली होती. मला हलकं वाटलं, आणि ते वाटताक्षणी माझी मला किळस आली.

प्रज्योत पुढे झाला. “काका, आता बाबांच्या जाण्याचं विचारा.”

मोरूने मान हलवली. “यंदाचा तुमच्या घरचा कौल झाला की रे. आता पुढल्या चैत्रात.”

माझ्याच तोंडाने मी त्याचा कौल खर्च करून बसले होते. प्रज्योत गाडीत बसला, काच वर केली आणि संध्याकाळच्या आत निघून गेला.

आम्ही दोघं खाडीच्या वाटेने घरी निघालो. दादा दर दहा पावलांवर उभा राहायचा, हार हातात धरून. एकदा थांबला तेव्हा हसायला लागला, हसताना खोकला, खोकताना हसला. मी चिडले. “हसायला काय झालं?”

“अगो, तो प्रश्नच उलटा पायजे होता,” तो म्हणाला. “तुझी शिळा निर्दोष असेल तर उजवी दे, खोट असेल तर डावी दे, असं घालायचं गाऱ्हाणं. मग पडली असती डावी, नि सुटलो असतो मी.”

इतकं सोपं होतं! एवढ्या देवळात कुणाच्याच लक्षात आलं नाही, ना माझ्या, ना मोरूच्या. दादाच्या आलं होतं का तेव्हाच? मी विचारलं नाही.

“पुढल्या चैत्रात तू तसं विचार,” दादा म्हणाला. “मी न्हाय विचारणार, मला ते शोभत न्हाय. पण तू विचारलंस तर मी अडवणार पण न्हाय. मोरू तुझं ऐकेल.”

हो म्हणायला मी तोंड उघडलं. मला पुढलं सगळं दिसत होतं. डावी पडेल, खोट आहे असं ठरेल, गाव खाली मान घालेल, सखुबाई आणि तिची पोर घरात तोंड लपवून बसतील, दादा गाडीत बसून उलव्याला जाईल, तिथे धूळ नसेल. आणि त्याच कळीबरोबर आगरदांड्याची लाँच, दोर फेकणारा तो माणूस, माझं कधीच न झालेलं घर, दगड घासणाऱ्या एका तरण्या पोराच्या हौशीपायी गेलं असं देवळात ठरेल. माझ्या तोंडून शब्द निघेना. मी त्याच्याकडे पाहिलं. सख्खा भाऊ, फासळ्या मोजाव्यात असा, श्वासाची वाट बघत उभा. एक हो म्हणायचं होतं फक्त.

दादाने हार दुसऱ्या हातात घेतला. मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, पोर असताना ठेवायचा तसा.

“राहू दे, गोदे,” तो म्हणाला. “चल, घरी जाऊन चहा टाक.”